वेब गाइड कंट्रोलरचे मोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कागद, फिल्म, फॉइल, नॉनवोव्हन किंवा लेबलचे मटेरियल रोलर्सवरून सलग धावत असते, तेव्हा ते डावी-उजवीकडे सरकणारच. या धावत्या मटेरियलला वेब म्हणतात आणि त्याला जागेवर ठेवणाऱ्या यंत्रणेला वेब गाइड. तिचे तीन भाग असतात: कड किंवा रेषा पाहणारा सेन्सर, निर्णय घेणारा कंट्रोलर आणि फ्रेम किंवा स्टँड हलवणारा ॲक्च्युएटर. या क्षणी ॲक्च्युएटरने कोणाचे ऐकायचे हे मोड ठरवतो. "गाइड काम करत नाही" अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक जण आधी गेन, म्हणजे चुकीला किती जोराने प्रतिसाद द्यायचा ती सेटिंग, वाढवून पाहतात. आमचे सांगणे असे की आधी मोड बघा आणि तो कोणत्या क्षणी बदलला गेला ते बघा.

कंट्रोलरवर नेमके किती मोड असतात?

मूळ मोड तीनच: मॅन्युअल, सर्वो-सेंटर आणि ऑटो. मॅन्युअलमध्ये ॲक्च्युएटर बटणाचे ऐकतो, सर्वो-सेंटरमध्ये स्वतःच्या पोझिशन फीडबॅकचे आणि ऑटोमध्ये सेन्सरचे. कड, मध्य, रेषा, ऑसिलेट हे बहुधा ऑटोचेच उपप्रकार असतात. ऑटोने कशाच्या मागे जायचे एवढेच ते ठरवतात. पॅनेलवरची नावे कंपनीप्रमाणे बदलतात. सर्वो-सेंटरला कुठे नुसते 'सेंटर' लिहिलेले असते, आणि दोन सेन्सरांच्या मधोमध वेब ठेवण्याच्या पद्धतीलाही कुठे 'सेंटर'च म्हणतात. या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत फ्रेम मध्यावर येते, दुसरीत वेब. नवीन ऑपरेटरला पहिल्याच दिवशी हा फरक दाखवून द्यावा.

मॅन्युअल कधी वापरायचा?

सेन्सर बसवताना, ॲक्च्युएटर दोन्ही बाजूंना मोकळा फिरतो का हे तपासताना आणि लिमिटवर, म्हणजे प्रवासाच्या टोकाला, अडकलेली फ्रेम सोडवताना. या मोडमध्ये जॉगचे बटण दाबले तेवढीच फ्रेम हलते आणि सेन्सरकडे लक्ष दिले जात नाही. चालू उत्पादनात मॅन्युअलवर राहून हाताने कड सांभाळणे म्हणजे खराबी दडवणे होय.

सर्वो-सेंटर कशाला हवा? फ्रेम मॅन्युअलने मध्यावर आणली तर चालत नाही का?

डोळ्यांनी आणलेला मध्य आणि खरा मध्य यांत काही मिलिमीटरचा फरक पडतो, आणि प्रत्येक पाळीत तो वेगळा असतो. सर्वो-सेंटरमध्ये कंट्रोलर एन्कोडर, पोझिशन ट्रान्सड्यूसर किंवा मध्यावरचा प्रॉक्सिमिटी स्विच वाचून फ्रेम दर वेळी त्याच जागी आणतो आणि तिथे धरून ठेवतो.

महत्त्व स्ट्रोकचे, म्हणजे फ्रेमच्या एकूण प्रवासाचे, आहे. समजा गाइडचा प्रवास मध्यापासून दोन्ही बाजूंना २५ मिमी आहे. मागच्या रोलच्या शेवटी फ्रेम उजवीकडे २० मिमी गेलेली आहे आणि तुम्ही तशाच अवस्थेत नवा रोल लावून ऑटो दिला. आता उजवीकडे फक्त ५ मिमी शिल्लक आहेत. नवा रोल ८ मिमी चुकीचा बसला असेल तर गाइड लिमिटवर जाऊन थांबेल, कड ३ मिमी चुकलेलीच राहील आणि दोष सेन्सरला दिला जाईल. नवा रोल लावण्याआधी सर्वो-सेंटर दिला असता तर हीच ८ मिमीची दुरुस्ती सहज झाली असती.

एन्कोडरवाल्या बऱ्याच सिस्टीममध्ये पहिल्या वेळी, तसेच ॲक्च्युएटर बदलल्यावर, दोन्ही टोके शिकवावी लागतात. फ्रेम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि त्यावरून मध्य काढला जातो. हे वेब काढूनच करा. शिकवताना फ्रेम मध्येच कशाला अडकली तर कंट्रोलर त्यालाच टोक समजतो आणि मध्य कायमचा सरकतो.

मशीन सुरू करताना मोड कोणत्या क्रमाने बदलायचे?

१. सर्वो-सेंटर द्या. फ्रेम मध्यावर येऊन थांबेपर्यंत वाट पाहा.
२. वेब थ्रेड करा, म्हणजे रोलर्समधून ओवा, आणि ताण द्या.
३. रोल आडवा सरकवून किंवा सेन्सर हलवून कड सेन्सरच्या खिडकीच्या साधारण मध्यावर आणा.
४. सर्वो-सेंटरवरच मशीन हळू वेगात सुरू करा आणि वेब स्थिर होऊ द्या.
५. आता ऑटो द्या.
६. मगच वेग वाढवा.

तिसरी पायरी सर्रास गाळली जाते. कड सेन्सरच्या बाहेर असताना ऑटो दिला की सेन्सर पूर्ण उघडा किंवा पूर्ण झाकलेला दिसतो. कंट्रोलरला ती कमाल चूक वाटते आणि फ्रेम पूर्ण वेगाने एका बाजूला धावते. पातळ फिल्म अशा झटक्यात सुरकुतते किंवा फाटते.

मशीन थांबवली तरी ऑटो चालूच ठेवला तर काय बिघडते?

बरेच बिघडते. पिव्हट फ्रेमचा, म्हणजे एका बिंदूभोवती वळणाऱ्या फ्रेमचा, गाइड वेब पुढे सरकत असतानाच त्याला वळवू शकतो. वेब थांबलेला असताना फ्रेम हलली तर वेब रोलरवर घासत ओढला जातो किंवा तिरपा ताणला जातो. कड अपेक्षेप्रमाणे हलत नाही, म्हणून कंट्रोलर आणखी ढकलतो. थोडीशी चूकही अशा वेळी फ्रेमला हळूहळू लिमिटपर्यंत नेते. मशीन पुन्हा सुरू होते तेव्हा फ्रेम टोकाला असते आणि पहिले काही मीटर वाया जातात. काही मटेरियलवर रोलरच्या घासण्याची खूण उमटते ती वेगळीच.

म्हणून लाइन चालू असल्याचा सिग्नल कंट्रोलरच्या लॉक इनपुटला जोडावा. लाइन थांबली की ऑटो गोठतो, म्हणजे फ्रेम आहे तिथेच धरली जाते. लाइन किमान वेगावर आली की ऑटो पुन्हा सुरू होतो. छोट्या थांब्यासाठी गोठवणे योग्य, कारण फ्रेम आधीच बरोबर जागी असते. रोल बदलायचा असेल तर मात्र सर्वो-सेंटर. अनवाइंड स्टँडवर, म्हणजे रोल जिथून सुटतो तिथे, थांबलेल्या वेबचा त्रास थोडा कमी होतो, कारण स्टँडबरोबर रोलही सरकतो. तरीही नियम तोच ठेवावा.

वेब तुटला किंवा रोल संपला तर ऑटो काय करतो?

वेब-लॉस्ट, म्हणजे वेब गायब झाल्याचे ओळखणारे, फंक्शन बंद असेल तर फ्रेम टोकाला पळते. चालू असेल तर दोन पर्याय असतात: आहे तिथे थांबणे किंवा मध्यावर येणे. वेब तुटल्यावर लोक हात घालून तो पुन्हा ओवायला येतात, त्यामुळे तिथे फ्रेमने आपोआप हलू नये. थांबवण्याचा पर्याय घ्या आणि मध्यावर आणण्याचे काम ऑपरेटरच्या बटणावर सोडा.

जोड, टेप, फाटकी कड किंवा खाच सेन्सरखालून जाते तेव्हाही क्षणभर वेब गायब झाल्यासारखे वाटते. त्यासाठी विलंबाची किंवा फिल्टरची सेटिंग असते. मोठ्या जोडासाठी स्प्लाइसच्या (जोड आल्याच्या) सिग्नलने ऑटो क्षणभर गोठवणे सर्वांत खात्रीचे.

कड, मध्य की रेषा: ऑटोने कशाच्या मागे जावे?

पुढची प्रक्रिया कशाच्या संदर्भाने चालते ते पाहा.

एकच कड संदर्भ असेल, उदाहरणार्थ एका बाजूने माप घेऊन कापणे किंवा दोन थर एका कडेला जुळवणे, तर एक सेन्सर आणि कड मोड. रुंदी कमी-जास्त झाली तर तो सगळा फरक दुसऱ्या बाजूला जातो.

रुंदी बदलती असेल आणि काम मध्यरेषेवर चालत असेल, तर दोन सेन्सर लावून मध्य मोड. कंट्रोलर दोन्ही कडांची तुलना करतो. वेब ४ मिमीने अरुंद झाला तर प्रत्येक कड २ मिमी आत येते आणि मध्य जागेवर राहतो. ड्रायरमधून आकसून येणाऱ्या मटेरियलला हाच मोड लागतो.

छपाई आधीच झालेली असेल आणि कड छपाईशी समांतर नसेल, तर कडेच्या मागे जाण्यात अर्थ नाही. तिथे छापील रेषा वाचणारा सेन्सर वापरा. रेषा शिकवताना आजूबाजूला तशीच दुसरी रेषा नाही ना, हे पाहा. सेन्सरच्या नजरेत दोन सारख्या रेषा असतील तर झटका बसल्यावर कंट्रोलर शेजारची रेषा पकडतो आणि सगळे व्यवस्थित असल्याचे दाखवतो. रेषेची एक बाजू पाहायची की तिचा मध्य, हा पर्याय बऱ्याच सेन्सरांत असतो. रेषा बारीक असेल तर मध्य घ्या, आणि रंगाचा मोठा ठोकळा असेल तर त्याची एक बाजू.

मध्य मोडमध्ये एकच सेन्सर बिघडला तर?

तुलना एकतर्फी होते आणि गाइड एका बाजूला ओढला जातो. चांगला कंट्रोलर अशा वेळी गोठतो. तुमचा तसा करत नसेल तर दुरुस्ती होईपर्यंत चांगल्या सेन्सरवर कड मोड देऊन काम चालवा.

ऑटो दिला की गाइड सरळ टोकाला पळतो. का?

कड सेन्सरच्या खिडकीत असूनही असे होत असेल तर बहुधा पोलॅरिटी उलटी आहे. दुरुस्ती चुकीच्या दिशेने होते, त्यामुळे चूक वाढते, आणि वाढलेली चूक आणखी जोराने ढकलते. सेन्सर ऑपरेटर बाजूकडून ड्राइव्ह बाजूला हलवला, केबल बदलल्या किंवा ॲक्च्युएटर उलटा बसवला की हे होते.

तपासणी वेबशिवाय करा. गेन कमी ठेवा, ऑटो द्या आणि हात फ्रेमपासून लांब ठेवून पुठ्ठ्याची लांब पट्टी सेन्सरमध्ये सरकवा. पिव्हट गाइड आणि अनवाइंड यांवर, सेन्सर जास्त झाकला की वेब त्या सेन्सरपासून दूर नेणारी हालचाल व्हायला हवी. रिवाइंडवर, म्हणजे वेब पुन्हा गुंडाळला जातो तिथे, सेन्सर स्टँडबरोबर सरकतो. तिथे पट्टी ज्या दिशेने सरकवली त्याच दिशेने स्टँड गेला पाहिजे. हालचाल उलट असेल तर सेटिंगमध्ये दिशा बदला. मोटरच्या वायरी अदलाबदल करू नका, कारण मग जॉगची बटणे आणि पोझिशन फीडबॅकही उलटे होतात.

दिशा बरोबर असूनही गाइड पळत असेल तर सेन्सरची काच, कनेक्टर आणि कॅलिब्रेशन या क्रमाने तपासा.

गेन किती ठेवावा?

एकच आकडा सांगता येत नाही, पण पद्धत पक्की आहे. मशीन नेहमीच्या कामाच्या वेगावर चालवा. गेन थोडा थोडा वाढवा. एका टप्प्यावर फ्रेम न थांबता डावी-उजवीकडे डोलू लागेल. यालाच हंटिंग म्हणतात. तिथून गेन साधारण एक चतुर्थांश कमी करा. मग सेन्सरमधील कड हलकेच चुकवून पाहा: फ्रेम एका झेपेत परत आली पाहिजे, फार तर एकदा थोडी पुढे जाऊन स्थिरावली पाहिजे.

गेन जास्त असेल तर रिवाइंडवरच्या रोलच्या बाजूला नियमित लाटा दिसतात. कमी असेल तर कड हळूहळू सरकत राहते. लाटा अनियमित असतील तर गेनला हात लावण्याआधी ॲक्च्युएटरच्या पिनांमधला आणि पिव्हटमधला ढिलेपणा पाहा. झिजलेल्या पिनने निर्माण झालेले हंटिंग गेन कमी केल्याने झाकले जाते, बरे होत नाही.

जास्त वेगात गाइड छान चालतो, पण हळू वेगात डोलतो. असे कसे?

सेन्सर फ्रेमच्या बाहेरच्या रोलरनंतर काही अंतरावर असतो. फ्रेमने केलेली दुरुस्ती तिथवर पोचेपर्यंत कंट्रोलर जुनीच चूक पाहत असतो. हे अंतर ३०० मिमी धरले तर २०० मीटर प्रति मिनिट वेगात विलंब सुमारे ०.०९ सेकंद, आणि २० मीटर प्रति मिनिटला ०.९ सेकंद. विलंब दहापट झाला, गेन तोच राहिला, म्हणून फ्रेम दर वेळी गरजेपेक्षा पुढे जाते. उपाय दोन: सेन्सर बाहेरच्या रोलरच्या शक्य तितक्या जवळ आणणे, आणि कंट्रोलरमध्ये सोय असेल तर वेगाचा सिग्नल जोडून हळू वेगात गेन आपोआप कमी करणे.

आणि जास्त वेगात कड सुटत असेल तर?

मग ॲक्च्युएटरचा वेग पुरत नाही. हिशोब सोपा आहे. ५०० मिमी व्यासाचा रोल १५० मीटर प्रति मिनिटने सुटतोय, म्हणजे तो सेकंदाला सुमारे १.६ फेरे घेतो. रोल तिरपा गुंडाळलेला असून प्रत्येक फेऱ्यात कड मध्यापासून दोन्हीकडे २ मिमी हलत असेल, तर तिच्यामागे जायला ॲक्च्युएटरला सेकंदाला सुमारे २० मिमी वेग लागतो. व्यास निम्मा झाला की फेरे दुप्पट, म्हणून लागणारा वेगही दुप्पट. रोलच्या शेवटीच कड बिघडते, यामागे अनेकदा हेच कारण असते. अशा ठिकाणी गेन वाढवल्याने फक्त हंटिंग मिळते.

डेड बँड म्हणजे काय?

चूक एवढ्या मर्यादेत असेल तर हलायचे नाही, अशी ती पट्टी. खरबरीत किंवा तंतुमय कडेवर ती मोटरला विनाकारण होणाऱ्या थरथरीपासून वाचवते. फार रुंद ठेवली तर कड पायरीपायरीने सरकते. तुम्हाला लागणाऱ्या अचूकतेच्या एक पंचमांशापेक्षा जास्त ठेवू नये असे आमचे मत आहे.

सेन्सर पुन्हा कॅलिब्रेट कधी करायचा?

मटेरियलचा प्रकार बदलल्यावर, सेन्सर बदलल्यावर आणि साफ केल्यानंतरही वाचन शून्याशी किंवा पूर्णाशी जुळत नसेल तेव्हा. आधी सेन्सर पूर्ण उघडा ठेवून वाचन नोंदवा, मग प्रत्यक्ष उत्पादनाचेच मटेरियल घालून पूर्ण झाकून. शेवटी कड मध्यावर ठेवून वाचन निम्म्याच्या जवळ येते का पाहा.

पारदर्शक फिल्मसाठी अल्ट्रासॉनिक सेन्सर घ्या. इन्फ्रारेड किरण तिच्यातून पार जातात. उलट, सच्छिद्र नॉनवोव्हनमधून आवाज पार होतो, म्हणून तिथे बहुधा इन्फ्रारेड चांगला चालतो. अल्ट्रासॉनिकच वापरायचा असेल तर त्याच मटेरियलवर कॅलिब्रेट केल्याशिवाय नाही. अल्ट्रासॉनिकवर हवेच्या तापमानाचा परिणाम होतो, कारण दर अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने बदलतो. तापमानाची भरपाई करणारा सेन्सर हे सांभाळतो, पण ड्रायरमधून थेट खिडकीत येणारा गरम झोत नाही. अशा वेळी आडोसा लावा.

अनवाइंड आणि रिवाइंडवर ऑटो सारखाच चालतो का?

नाही, आणि सेन्सरची जागा इथे निर्णायक ठरते. अनवाइंडवर सेन्सर मशीनच्या स्थिर फ्रेमला, स्टँडबरोबर हलणाऱ्या शेवटच्या रोलरच्या पुढे बसवतात. स्टँड वेबला सेन्सरसमोर आणतो. रिवाइंडवर सेन्सर हलत्या स्टँडला घट्ट जोडलेला असतो आणि शेवटच्या स्थिर रोलरजवळच्या वेबची कड पाहतो. तिथे स्टँड वेबच्या मागे जातो. रिवाइंडचा सेन्सर कोणी चुकून स्थिर फ्रेमवर बसवला तर स्टँड कितीही हलला तरी सेन्सरचे वाचन बदलत नाही, आणि ऑटो दिला की स्टँड थेट लिमिटवर जातो. मग पोलॅरिटी उलटसुलट करूनही काही उपयोग होत नाही.

ऑसिलेट मोड बिघाडासारखा दिसतो. तो मुद्दाम का देतात?

फिल्मच्या रुंदीत एखाद्या जागी जाडी थोडी जास्त असेल तर ती एकावर एक साचून रोलवर उंचवटा तयार होतो आणि तिथली फिल्म ताणली जाते. कड मुद्दाम हळूहळू काही मिलिमीटर मागे-पुढे नेली की जाडी पसरते. पुढे कडा कापल्या जाणार असतील तरच हा मोड वापरा. आवर्तन लांब ठेवा. जलद हलवाल तर सुरकुत्या येतील.

कड दोन मिलिमीटर सरकवायची आहे. सेन्सर हलवू का?

छोट्या फरकासाठी गाइड पॉइंटची ऑफसेट सेटिंग वापरा. ती सेन्सरच्या मोजपट्टीच्या, म्हणजे तो मोजू शकतो त्या अंतराच्या, आतच चालते. मोजपट्टी मध्यापासून ५ मिमी असेल आणि तुम्ही ४ मिमी ऑफसेट दिला, तर एका बाजूला फक्त १ मिमी उरतो. त्याहून मोठ्या बदलाला सेन्सरच हलवा.

पीएलसीकडून (लाइन चालवणाऱ्या मुख्य कंट्रोलरकडून) मोड बदलताना काय काळजी घ्यावी?

एका वेळी एकच मालक. स्थानिक पॅनेल आणि पीएलसी दोघांनाही मोड बदलता येत असेल तर कोणाचे वरचढ हे आधी ठरवा. ऑटो आणि सर्वो-सेंटर हे दोन्ही इनपुट एकाच वेळी आले तर कंट्रोलर काय करतो, ते प्रत्यक्ष करून पाहा. वीज जाऊन आल्यावर कंट्रोलर ऑटोवर सुरू होऊ नये. मॅन्युअल किंवा गोठलेली अवस्था सुरक्षित. लॉक इनपुट हे सुरक्षा साधन नव्हे. फ्रेममध्ये हात घालायचा असेल तर ॲक्च्युएटरची वीज तोडून तिला कुलूप लावा.

गाइडपाशी कड बरोबर असते, पण पुढे कटरवर पुन्हा चुकते. कोणता मोड लावू?

कोणताही मोड हे सुधारणार नाही. गाइड फक्त सेन्सरच्या जागी कड बरोबर ठेवतो. त्यानंतरच्या रोलर्सपैकी एखादा समांतर नसेल तर वेब पुन्हा सरकतो. गाइड अचूकता लागणाऱ्या जागेच्या शक्य तितक्या जवळ आणा आणि मधले रोलर्स समांतर करून घ्या.

ऑटोमध्ये फ्रेम हलते, पण वेब हलत नाही. काय पाहायचे?

पकड. वेब फ्रेमच्या रोलरवर घसरत असेल तर फ्रेम कितीही वळली तरी तो वळत नाही. ताण कमी, रोलर गुळगुळीत किंवा जाम, वेबचा विळखा अपुरा, किंवा जास्त वेगात रोलर आणि वेब यांच्यात शिरलेली हवा, यांपैकी एक कारण सापडते. मशीन थांबवून, वीज तोडून रोलर हाताने फिरवून पाहा. बेअरिंग अडखळत असेल तर तिथूनच सुरुवात करा. हवा शिरत असेल तर खाचांचा रोलर बसवावा लागतो.